वर्गणी, वही आणि सभा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला. सोसायटीच्या जुन्या आठवणी, गणेशोत्सव, सहली, सुरुवातीच्या वर्षांतली पाण्याची ओढाताण यांवर इतर मंडळी लिहिणार आहेतच. मी आयुष्यभर बँकेच्या लेजरांमध्ये वावरलेला माणूस. म्हणून थोडा वेगळा, इतिहासाचा विषय घेतला आहे. सुरुवातीला तो जरा जड वाटेल, पण शेवटी आपल्याच सोसायटीच्या ऑफिसात येऊन थांबतो, एवढं आश्वासन देतो.

विषय आहे ‘नागरी समाज’. शब्द वर्तमानपत्री आहे, पण अर्थ सोपा. एका बाजूला सरकार असतं, दुसऱ्या बाजूला आपलं घर आणि आपला पोटापाण्याचा धंदा. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. तिथे माणसं कुणी हुकूम केला म्हणून किंवा नफा मिळेल म्हणून येत नाहीत, तर चार जणांचं काम चौघांनी मिळून करावं म्हणून येतात. वाचनालय, शिक्षण संस्था, कामगार संघटना, महिला मंडळ, ग्राहक संघटना, बचत गट आणि आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, सगळे या मधल्या जागेतले रहिवासी.

जगात या शब्दाचा बोलबाला १९८० नंतर झाला. पोलंडमध्ये कामगारांची ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना सरकारपुढे उभी राहिली आणि विद्वानांचं लक्ष तिकडे गेलं. मग विकसनशील देशांत काय चाललं आहे याचा शोध सुरू झाला. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ पासून गरीब बायकांच्या गटांना कर्ज देण्याचा प्रयोग चालवला होता. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ पासून खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडं लावण्याची चळवळ उभी केली होती. अशा चर्चेत एक सूर हमखास ऐकू येतो. आपल्यासारख्या देशांत हे सगळं अलीकडचं, बाहेरच्या कल्पनांनी आणि बाहेरच्या देणग्यांनी आलेलं, असा तो सूर. आपल्या महाराष्ट्रापुरतं तरी हे खरं नाही. इथे ही परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे आणि ती मोठ्या देणग्यांवर नव्हे, तर तीन साध्या गोष्टींवर उभी राहिली: वर्गणी, वही आणि सभा. वर्गणी म्हणजे प्रत्येकाने थोडं थोडं स्वतःच्या खिशातून द्यायचं. वही म्हणजे त्याचा हिशेब आणि घेतलेले निर्णय लिहून ठेवायचे. सभा म्हणजे ती वही सगळ्यांसमोर उघडायची. या तिन्हींपैकी एक जरी ढिली पडली, तरी काय होतं, तेही याच इतिहासात दिसतं.

पुण्याची सार्वजनिक सभा

मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी यांच्यासारखी माणसं तिच्यामागे होती. सरकारकडे रयतेची गाऱ्हाणी संघटितपणे मांडणारी ही आपल्या इलाख्यातली पहिली संस्था. पण ती प्रामुख्याने शहरातल्या प्रतिष्ठितांची होती. पुढे १८६० साली संस्था नोंदणीचा कायदा आला आणि संस्था काढणं, चालवणं याला कायद्याचा आधार मिळाला.

खरी मजा पुण्यात झाली. पर्वती संस्थानचा कारभार नीट चालत नाही, अशी लोकांची तक्रार होती. एका देवस्थानाच्या कारभाराची ही स्थानिक कुरबुर. तिच्यातून २ एप्रिल १८७० रोजी ‘पुणे सार्वजनिक सभा’ जन्माला आली. गणेश वासुदेव जोशी नावाचे वकील तिचे प्राण होते. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. आता नियम पाहा. सभेचा सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे ‘मी लोकांच्या वतीने बोलतो’ असं नुसतं म्हणून चालत नसे, कागद दाखवावा लागे. देशात निवडणुकांचा पत्ता नसताना पुण्यातल्या माणसांनी प्रतिनिधित्वाची ही रीत आपण होऊन लावून घेतली. सरकारी हुकूम नाही, कायद्याची सक्ती नाही.

पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. नुसती ‘लोक उपाशी आहेत’ अशी आरोळी ठोकली नाही. कुठे किती वाईट स्थिती आहे, हे लिहून दिलं. १८७७ च्या जानेवारीत दिल्ली दरबारात सार्वजनिक काका सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले ते स्वतः कातलेल्या सुताच्या खादीच्या कपड्यांत. १८७८ पासून सभेचं त्रैमासिक निघू लागलं. आणखी वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्यांच्या प्रभावाखालच्या याच सभेच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत जाऊन सरकारचीच दुष्काळ संहिता शेतकऱ्यांना समजावून सांगितली. पीक बुडालं तर सारा माफ किंवा तहकूब होऊ शकतो, हे नियमात लिहिलेलं होतं, पण शेतकऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आज आपण माहितीच्या अधिकाराबद्दल बोलतो, त्याचं हे फार जुनं रूप. सरकारला ते इतकं झोंबलं, की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. त्याआधी सभेत दोन तट पडले होते, लोकमान्यांच्या गटाकडे सभा गेली आणि रानडे-गोखले मंडळींनी १८९६ मध्ये ‘डेक्कन सभा’ वेगळी काढली. संस्थेत मतभेद होतात म्हणून संस्था वाईट, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की रानडे आणि टिळकसुद्धा एका सतरंजीवर टिकले नाहीत!

सभेला कोण येऊ शकतं?

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हिशेब अपुरा राहील. ‘सार्वजनिक’ नाव असलं, तरी त्या काळच्या अशा संस्थांत शिकलेल्या, उच्चवर्णीय माणसांचाच भरणा होता. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेले लोक, बायका यांना त्या सतरंजीवर जागा नव्हती. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच ‘सत्यशोधक समाज’ काढला, तो याच उणिवेवर बोट ठेवून. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी आसरा उभा केला, तोही लोकांकडे मदत मागून.

मग विसाव्या शतकात एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं १९०६ चं ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’, रमाबाई रानडे यांचं पुण्यातलं ‘सेवासदन’, महर्षी कर्वे यांचं हिंगण्याचं काम, ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत काढलेली ‘सोशल सर्व्हिस लीग’, कर्मवीर भाऊराव पाटील यांची १९१९ ची ‘रयत शिक्षण संस्था’. रयतच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. वर्गणी ही पैशातच असली पाहिजे असं कुठे आहे? ज्या घरातून मूठभर ज्वारी गेली, त्या घराला ते वसतिगृह आपलं वाटायचं. मोठ्या देणगीदाराच्या एका चेकने हे साधत नाही.

संघटनेची खरी गरज काय असते, हे महाडच्या उदाहरणावरून सगळ्यांत स्पष्ट कळतं. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागद तयार झाला. पण तळ्याचं पाणी? तिथे जाण्याची कुणाची छाती नव्हती. २० जुलै १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. वाचनालयं, वसतिगृहं अशी कामं करत माणसं जोडली. आणि २० मार्च १९२७ रोजी हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला झाला, आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठराव होणं आणि तो अमलात येणं यांच्यात केवढं अंतर असतं, आणि ते संघटित माणसंच कसं कापतात, याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

जळलेली खतं आणि सभासदाची वही

आता माझ्या आवडत्या प्रांतात येतो, सहकारात.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. इतिहासात तिला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लोकांचा रोख माणसं मारण्यावर नव्हता. त्यांना हवी होती कर्जखतं आणि सावकाराच्या वह्या. त्या मिळाल्या की ते त्या जाळून टाकत. मी बँकेत नोकरी करत असताना अनेकदा याचा विचार केला आहे. शेतकऱ्याला वहीची एवढी चीड का यावी? कारण ती वही फक्त सावकाराच्या हातात होती. काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं. तो फक्त अंगठा उठवायचा.

दंग्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची योजना मांडली, ती सरकारदरबारी अडली. अखेर जर्मनीतल्या रायफायझन पतसंस्थांचा अभ्यास होऊन १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ या गावी पहिली शेतकी पतसंस्था सुरू झाली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रांतिक सहकारी बँक निघाली.

सहकाराने नवीन काय केलं? वही सावकाराकडून काढून सभासदाच्या हातात दिली. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. दरवर्षी हिशेब तपासायचा, सभेत वाचायचा, मंजूर झाला तरच पुढे. १८७५ साली जी वही जाळावीशी वाटली, तीच तीस वर्षांनी सभासद जपून कपाटात ठेवू लागले. माझ्या मते आपल्याकडच्या नागरी समाजाच्या वाढीचा सारांश एवढ्यात येतो.

१९१२ च्या कायद्याने कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायला वाट मोकळी झाली. १९१५ साली मुंबईत गावदेवी भागात ‘सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था’ नोंदली गेली. तिच्यामागे होते रावबहादूर शामराव? नव्हे, अनेकांचा इथे घोटाळा होतो. ते होते रावबहादूर एस. एस. तालमकी. त्यांनीच १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी बँक काढली होती. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या मध्यमवर्गीयांना परवडेल असं भाडं आणि हक्काची जागा, हा साधा प्रश्न त्यांनी संस्था काढून सोडवला. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. आपण त्या सगळ्यांचे वंशज.

ती पहिली संस्था एका ज्ञातीपुरती होती. तेव्हाच्या काळात ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवून सुरुवात करणं स्वाभाविकही होतं. पण शंभर वर्षांनंतर घर विकताना किंवा भाड्याने देताना समोरच्याचं आडनाव काय आणि त्याच्या ताटात काय शिजतं, याची चौकशी जिथे होते, तिथे आपण चवदार तळ्याचा धडा विसरलो असंच म्हणावं लागेल. हे वाक्य काहींना टोचेल. टोचू द्या.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्य मिळाल्यावर एक प्रश्न उभा राहिला. सरकार आपलंच, मग वेगळ्या संस्था कशाला? उत्तर लोकांनीच दिलं. घटनेच्या १९व्या कलमाने संघटना करण्याचा मूलभूत हक्क दिला होता आणि लोकांनी तो वापरला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी छोट्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभारला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये तो सुरू झाला.

शहरात मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या वस्त्यांतल्या बायकांना घेऊन पाण्यासाठी झगडा मांडला आणि त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली तेव्हा त्या आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या. मुंबईत लाटणी हातात घेऊन निघालेले बायकांचे मोर्चे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. तेल, रवा, साखर, रॉकेल हे त्यांचे विषय. ऐंशीच्या दशकात नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून लढा दिला आणि गोरेगावातच हजारो घरं उभी राहिली.

१९७५ साली ‘मुंबई ग्राहक पंचायत’ सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा. पगारी नोकर कमी, पाळीपाळीने काम करणारे सभासद जास्त. याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं. या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात असायच्या. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, पण तारण नसलेल्या बाईला काउंटरवर कोण उभं करणार? त्या एकमेकींना जामीन राहिल्या, तेव्हा कर्ज मिळालं.

हाच विचार पुढे बचत गटांच्या रूपाने खेड्यांत गेला. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि नोंदणी नसलेल्या गटालाही बचत खातं उघडता येईल, असं रिझर्व्ह बँकेने १९९३ मध्ये कळवलं. मी तेव्हा ग्रामीण शाखेत होतो. गट कर्ज मागायला आला, की मी आधी त्यांची वही मागायचो. रक्कम किती जमली, ते नंतर. दर महिन्याला बैठक झाली का, हजेरीपुढे सह्या की अंगठे आहेत का, कुणी हप्ता चुकवला तर त्याबद्दल काय ठरलं, हे त्यात असायचं. बऱ्याचदा ती वही एखाद्या सभासद बाईची सातवी-आठवीतली मुलगी लिहायची. अक्षर वेडंवाकडं, पण हिशेब चोख. माझा अनुभव असा, की ज्या गटाची वही नियमित, त्या गटाचं कर्ज सहसा थकत नसे. ज्या गटाची वही एकाच दिवशी, एकाच शाईने, बारा महिन्यांची लिहिलेली दिसे, तिथे सावध राहावं लागे.

आणि मग वही पुन्हा बंद होते

आता उलट बाजू. ज्या महाराष्ट्राने देशाला सहकार शिकवला, तिथेच कारखाने, पतपेढ्या, नागरी सहकारी बँका बुडालेल्याही आपण पाहिल्या. निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकली. कुणा एका संस्थेचं नाव घेत नाही, यादी सगळ्यांना पाठ आहे. दरवेळी आपण म्हणतो, संचालकांनी खाल्लं. ते खरंच असतं. पण बुडालेल्या संस्थेत जवळजवळ नेहमी आणखी एक गोष्ट आढळते. तिची वार्षिक सभा दहा मिनिटांत उरकत असे. अहवाल कुणी वाचत नसे. ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठे आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळत. सभासदाने वही उघडायची सोडली, की ती पुन्हा एकाच्या हातात जाते. मग तो सावकार असो की चेअरमन.

यावर उपाय म्हणूनही लोकच पुढे आले. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने गावातल्या सरकारी कामांचे हिशेब भर सभेत वाचून दाखवायला सुरुवात केली. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं निघाली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी याच मागणीसाठी आंदोलन केलं. त्यातून २००५ चा माहितीचा अधिकार कायदा देशाला मिळाला. म्हणजे सरकारची वहीसुद्धा आता नागरिकाला मागता येते. सुप्याच्या शेतकऱ्यापासून इथवरचा हा प्रवास आहे.

आपल्या ऑफिसातलं कपाट

आता आश्वासन दिल्याप्रमाणे घरी येतो.

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात पंचवीस वर्षांची इतिवृत्तं आहेत. बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण वर्षानुवर्षं लांबवलं, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. २००८ च्या दुरुस्तीमुळे ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवायची सोय झाली. आपल्याला ते मिळालं, कारण प्रत्येक ठराव, प्रत्येक पत्राची स्थळप्रत, प्रत्येक पावती त्या कपाटात जागेवर होती. ज्यांनी ते जपून ठेवलं, त्या सेक्रेटरींना नोकरीवरून दमून आल्यावर रात्री दहाला बसून लिहावं लागलं असेल. त्यांना त्याचं मानधन नव्हतं, उलट पार्किंगवरून शिव्या मात्र खाव्या लागल्या.

आज परिस्थिती काय आहे? आपल्या उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. वीस माणसं! गेल्या काही वर्षांत वेळेवर वीस माणसं जमली नाहीत म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून घ्यावी लागली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रात्री अकरा वाजता साठ जण हजर असतात. तिथे मत मांडायला हरकत नाही, पण ते ना इतिवृत्तात येतं, ना त्यावर कुणी बांधील असतं. समितीवर यायला कुणी तयार नाही. ‘काका, तुम्हीच बघा’ असं तरुण मंडळी मोठ्या आदराने म्हणतात. आम्ही बघतो. पण आमच्यापैकी बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत, हे हिशेबात धरायला हवं.

उद्या पुनर्विकासाचा विषय येईल. आज ना उद्या येणारच. तेव्हा प्रत्येकाच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी मिळकत टेबलावर असेल. बिल्डर येतील, सल्लागार येतील, रंगीत पुस्तिका वाटल्या जातील. त्या दिवशी एकदम सभेला यायचं आणि सगळं समजून घ्यायचं म्हटलं, तर जमणार नाही. ती सवय आधीपासून लागते. जो सभासद लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल विचारायला कधी उभा राहिला नाही, तो विकास करारनाम्यातल्या कलमांवर काय विचारणार? आणि ज्या सोसायटीत पाच-सहा माणसंच कारभार बघतात, तिथे ती कितीही सज्जन असली, तरी संशयाला जागा राहते. सज्जनांनाही वहीचंच संरक्षण असतं.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझ्या तीन साध्या सूचना. एक, पुढच्या वार्षिक सभेला प्रत्येक घरातला सभासद यावा, आणि येण्यापूर्वी ताळेबंद वाचून यावा. कळलं नाही तर मला विचारा, मी रोज सकाळी खाली बाकावर असतो. दोन, समितीत निदान दोन जण चाळिशीच्या आतले असावेत आणि महिलांनी फक्त राखीव जागेपुरतं येऊ नये. घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर सहयोगी सभासद होण्याची सोय आहे, ती वापरावी. तीन, कपाटातली इतिवृत्तं स्कॅन करून घ्यावीत आणि सभासदाला पाहायची असतील, तर सहज मिळावीत. कायद्याने तो आपला हक्क आहेच.

सार्वजनिक काकांनी पन्नास सह्या गोळा करायला लावल्या होत्या. आपल्याला फक्त वीस माणसं हवी आहेत, तीही वेळेवर.